हापशाची ओवी

दिवाळी अंक उघडावा आणि त्यात कोठे तरी जात्याची घरघर ऐकू येऊ नये, असे क्वचितच घडते. कोणी तरी लेखक आपल्या बालपणीच्या वाड्यात शिरतो. पहाटेचा अंधार असतो, देवघरात समई मिणमिणत असते आणि आजी किंवा आई जात्याचा खुंटा धरून ओवी म्हणत असते. लेखक त्या वेळी गोधडीत असतो. मग गावात गिरणी येते, जाते अडगळीत जाते, ओवी मुकी होते, आणि यंत्राने आमचे काय काय नेले असा उसासा टाकून लेख संपतो. अशा लेखांशी माझे जुने भांडण आहे. ते वाईट लिहिलेले असतात म्हणून नव्हे. त्यांतील काही तर फार सुरेख असतात. माझी तक्रार एका लहानशा गोष्टीविषयी आहे. लेखक गोधडीत असतो.

यंत्र माणसाला मोकळे करते की नव्याने जखडते, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा ह्या गोधडीतूनच विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तरही मग उबदार येते. ज्याने खुंटा धरला नाही त्याला गाणे ऐकू येते. जिने धरला तिला आधी खांदा जाणवतो. आमच्या मराठवाड्यात सहा-सात माणसांच्या घरचे ज्वारीचे दळण म्हणजे पहाटेचे दोन-अडीच तास. तेही आठवड्याचे एकदम दळून ठेवता येत नसे, कारण पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी परातीतच तुटू लागते. सणावारी गहू आणि डाळ ह्यांची त्यात भर. हा अंक हाती घेणाऱ्या भगिनींनी यंदाही चकलीची भाजणी गिरणीवरूनच दळून आणली असेल. ती जात्यावर दळा, असे त्यांना सांगण्याचे धैर्य त्या हळहळणाऱ्या लेखकांपैकी एकाला तरी आहे काय? गिरणी फोडायला बायकांचा मोर्चा गेल्याचे मी कधी ऐकले नाही. नंबर लावायला मात्र त्या धावल्या.

मला येथे साहित्याचा विचार करावयाचा आहे, तेव्हा ओव्यांकडेच वळतो. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या जमवल्या. पुढे गी पॉइत्वाँ आणि हेमा राइरकर ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून १,००,००० हून अधिक ओव्या मिळवल्या. गावे १,००० च्या वर आणि गाणाऱ्या बाया ३,००० च्या वर. हा संग्रह २०१७ पासून 'पारी'ने क्रमाक्रमाने प्रसिद्ध केला. एवढा मोठा ठेवा जगातल्या फार थोड्या भाषांपाशी असेल. तो चाळताना काय दिसते? भाऊ दिसतो, माहेरची वाट दिसते, पंढरी दिसते, वनवासातली सीता दिसते, लेकाचे कौतुक दिसते, सासरच्या माणसांचे बोचणारे शब्द दिसतात. जात्याचे कौतुक असते तेही बहुधा अशासाठी की, ते ऐकून घेते आणि कोणाला सांगत नाही. दळण हा ओवीचा विषय क्वचितच असतो. दळता दळता मन दुसरीकडे नेण्याची ती एक युक्ती होती. जे लेखक तिला श्रमाचा उत्सव म्हणतात, त्यांनी ओवीचा अर्थ तिच्या चालीवरून लावला, शब्दांवरून नव्हे, असे मला वाटते.

जनाबाईचेच पाहा. तिचे गंगाखेड आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात. विठ्ठल येतो, तिच्याबरोबर दळतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो, हे आपण भक्तीची परमावधी म्हणून वाचत आलो. तशी ती आहेच. परंतु जाते ज्यांनी ओढले आहे त्यांना ठाऊक असते की, मोठे जाते दोघींनी समोरासमोर बसून ओढावयाचे असते. दासीला दुसरी कोण मिळणार? समोरची रिकामी जागा देवाने येऊन भरली, ह्यात भक्ती आहे तसाच एक रोकडा हिशेबही आहे. तिला मोक्षाइतकीच दुसऱ्या हाताची गरज होती. आमच्या टीकाकारांनी मोक्षावर पुष्कळ लिहिले. हातावर फारसे लिहिले नाही. १९५२ साली, बहिणाबाई चौधरींच्या मृत्यूनंतर वर्षभरात, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा मराठी वाचक थक्क झाला. त्याचे एक कारण हे की, तेथे खुंटा धरणारी आणि कविता करणारी ही एकच व्यक्ती होती. मधे गोधडी नव्हती.

दुसरा पंथ यंत्राच्या पूजकांचा. त्याचीही आपल्याकडे चांगली परंपरा आहे. ज्या कारखान्याने लोखंडी नांगर घडवले, त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि १९३० साली 'स्त्री' मासिक. म्हणजे नांगर, पंप आणि वाङ्मय एकाच आवारात तयार होत होते. ह्या पंथाचा उत्साह निर्मळ होता. उलट बाजूला मर्ढेकर. १९४७ च्या 'काही कविता'मध्ये त्यांनी यंत्राची भाषा आणि संतांचे छंद एकमेकांवर आदळवले, आणि त्या आवाजाने मराठी कविता बदलली. पण मर्ढेकरांचे यंत्र महानगराचे आहे; त्यात सापडलेला माणूस लोकलमध्ये आणि कचेरीत भेटतो. घागर घेऊन उभी असलेली बाई ह्या दोन्ही पंथांच्या नजरेच्या टप्प्यात फारशी आली नाही.

ती जेथे उभी असते तेथले यंत्र कोणते? हापसा. आणि हापशाचा एक पूर्वज आमच्या जालन्याचा आहे.

जालन्याची कीर्ती वेगळ्याच गोष्टींसाठी. बाजारपेठ म्हणून ते पूर्वीपासून नावाजलेले. 'जालना सोने का पालना' ही म्हण अजून ऐकू येते. पुढे बियाण्यांचे गाव म्हणून आणि लोखंडी सळयांचे गाव म्हणून त्याचे नाव झाले. जिल्हा म्हणून ते १ मे १९८१ ला वेगळे झाले. समर्थ रामदासांचे जांब ह्याच जिल्ह्यात. पण हँडपंपांचा इतिहास लिहिणाऱ्या परदेशी तज्ज्ञांच्या पुस्तकांत 'जालना पंप' असे नाव येते, हे जालन्यात किती जणांना माहीत आहे? मी माझ्या परीने विचारून पाहिले. भुसार दुकानदारांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे माझ्याकडे, हा आता थट्टा करणार, अशा नजरेने पाहू लागले.

हकीगत अशी. १९६० नंतरच्या दशकात मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात विंधनविहिरी घेण्याची यंत्रे आली. १९७२ च्या दुष्काळाने तर त्यांची निकड सर्वांनाच पटवली. भोक पाडणे साधले. पाणी वर काढणे साधेना. त्या वेळी बसवले जात होते ते ओतीव लोखंडाचे पंप पश्चिमेकडच्या शेतघरांतील पंपांच्या नमुन्यावर केलेले होते. तेथे तो एका कुटुंबाचा पंप. दिवसातून दहा-वीस बादल्यांचा धनी. येथे तो अख्ख्या वस्तीचा झाला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू लागला. दांडा जेथे जोडलेला असतो तेथेच तो मोडे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा दर चार पंपांपैकी तीन बंद आढळले. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या वतीने विंधनविहिरींचे काम चालले होते. तेथील लोकांनी अनेक सांध्यांचा तो नाजूक दांडा काढून टाकला आणि एकाच आसावर हलणारा पोलादी दांडा बसवला. त्यावरून सोलापूरला आणखी सुधारलेला पंप झाला. मग सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी मिळून सोलापूर पंपाच्या पायावर 'इंडिया मार्क टू' उभा केला. १९७७-७८ च्या सुमारास तो मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागला. आज तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही उभा आहे. आपल्या गावच्या हापशाचा फोटो काढून तेथल्या बाईला दाखवला तर ती त्याला ओळखील.

एखाद्या कलाकृतीचे करावे तसे ह्या यंत्राचे रसग्रहण करण्याचा मला मोह होतो, आणि तो मी आवरणार नाही. त्याचा दांडा भरीव आणि जड आहे तो उगाच नव्हे. खाली लोंबणाऱ्या सळ्यांचे वजन त्या जडपणाने तोलले जाते. दांड्याच्या पुढच्या टोकाला कमान आहे आणि तिच्यावरून साखळी येते. त्यामुळे दांडा गोल फिरला तरी सळई सरळ वर-खाली होते, वाकत नाही. आसाला बंदिस्त बॉलबेअरिंग आहे. त्याला रोज तेलपाणी करावे लागत नाही. खाली काँक्रीटचा पक्का ओटा, सांडपाणी वाहून जायला नाली. ज्या माणसांनी हे घडवले त्यांनी आधी वापरणाऱ्या बाईला नीट पाहिले होते. परदेशी नमुन्याचे भाषांतर करून भागत नाही, मूळ जमिनीतून लिहावे लागते, हा जो धडा आम्ही नवलेखकांना देतो, तो ह्या लोहारांना कोणी न सांगता कळला होता.

आता दोष. सरकारी हिशेब असा असे की, २५० माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज ४० लिटर पाणी. म्हणजे १०,००० लिटर. हापसा मिनिटाला १२ ते १५ लिटर पाणी देतो. मी पाटीवर गणित मांडून पाहिले. १२ लिटर धरले तर १०,००० लिटरला जवळजवळ १४ तास लागतात. १५ धरले तर ११. मिनिटाला ४० वेळा दांडा दाबावा लागतो, म्हणजे दिवसाला सुमारे २७,००० ते ३३,००० वेळा. कागदावर हे '२५० लोकांची सोय झाली' असे लिहिले जाते. हे ३३,००० दाब कोणाच्या हातांनी द्यावयाचे, तो रकाना त्या कागदावर नसतो. रकाना भरायचा झाला तर उत्तर सोपे आहे: बाया आणि पोरी. शाळेची घंटा आणि हापशाचा नंबर ह्यांची गाठ पडली तर कोणती पोर कोठे जाते, हेही सांगावयास नको.

आणि तरीही तो आडावरच्या दोरापेक्षा किती तरी बरा. आमच्या आत्याने दोन्ही उपसले आहेत. ती घनसावंगी तालुक्यात दिलेली. वय आज ८५ च्या पुढे. आडात पोहरा सोडायचा, चऱ्हाटाने तळहात सोलून निघायचे, उन्हाळ्यात तळाचे पाणी वाटीने भरावे लागे, त्यात नारू व्हायचा, हे सगळे ती सांगते. हापसा आला त्या दिवशी वस्तीने त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. तिला मी एकदा मुद्दाम विचारले, "आत्या, जात्याची ओवी आहे, मोटेवरची गाणी आहेत. हापशावर एखादी ओवी म्हणता का गं तुम्ही?"

ती हसली. "हापशावर कुठली आली वोवी? हापसताना दम कुठं उरतो लेकरा? अन् मागं रांग. 'आवर की बाई, आवर की' म्हून पाठीमागच्या बोंबलत्यात. वोवी म्हणायला बसावं लागतं."

साहित्याच्या अभ्यासकाला महिनाभर पुरेल एवढा मजकूर ह्या चार वाक्यांत आहे. यंत्र आले की गाणे मरते, हा आमच्या टीकेतला ठरलेला सिद्धान्त. पण मोटही यंत्रच होती, रहाटही यंत्रच आणि खुद्द जातेही. त्यांच्याबरोबर गाणे होते. जाते बसून ओढायचे. त्याची गती आपल्या श्वासाची. समोर दुसरी असली तर ऐकणारीही जवळच. सूर्य उगवेपर्यंतची ती वेळ दळणारीची होती, तिथे मागे रांग नव्हती. हापशावर हाताचे श्रम कमी झाले, पण वेळ दुसऱ्यांची झाली. पहिल्या हंड्यापासूनच तिला मागच्या हंड्याचे देणे असते. म्हणून हापशाचे वाङ्मय ओवीचे नाही, भांडणाचे आहे. ती भांडणे कोणी टिपून ठेवली नाहीत. त्यांत जी शब्दकळा, जे अनुप्रास आणि जे कुळाचे उद्धार मी ऐकले आहेत, ते पाहता मराठीचे मोठेच नुकसान झाले असे मी म्हणेन.

मग गिरणीने वाचवलेल्या त्या अडीच तासांचे काय झाले? ते बाईच्या हाती उरले असते तर तिने नव्या ओव्या केल्या असत्या, पोथी वाचली असती, किंवा नुसती पडून राहिली असती. त्यालाही माझी हरकत नाही. आमच्या भागात बहुतेक घरांत ते तास शेताने घेतले. कापूस आला, वेचणी आली. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले ह्यांनी जालन्यात 'महिको' सुरू केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आसपासच्या खेड्यांना बियाण्याचा धंदा समजला. आज जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या भागात हिरव्या शेडनेटखाली मिरची-टोमॅटोचे संकरित बियाणे तयार होते. विज्ञानाचे हे नवे रूप. पण फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या फुलाचे पराग त्यावर लावायचे, हे एकेका फुलाला हातानेच करावे लागते. ते हात पुन्हा बायांचेच. मजुरी मिळते, आणि ती घरात त्यांचे चार शब्द ऐकले जाण्याच्या उपयोगी पडते, हे मी नाकारीत नाही. जात्याने तेवढेही दिले नव्हते. परंतु 'यंत्राने वेळ वाचवला' हे वाक्य अर्धवट आहे. कोणासाठी वाचवला, हे त्यापुढे लिहिले पाहिजे.

हापशाच्या गोष्टीत ह्याहून कठोर प्रकरण पुढे आहे. जाते बोथट झाले की गावात येणारा पाथरवट त्याला टाकी लावून देई; दुरुस्ती दाराशी येत असे. मार्क टू बिघडला तर खालचे नळ वर ओढायला तिवई, चार-पाच माणसे आणि तालुक्याची गाडी लागे. गाडी येईपर्यंत आठवडे जात. ह्या अनुभवातून पुढे मार्क थ्री निघाला: नळ रुंद केला, म्हणजे सबंध नळ न उपसता आतला दट्ट्या वर काढता येतो. बांद्यापासून राजस्थानपर्यंत काही ठिकाणी बायकांना पान्हे देऊन हापसे दुरुस्त करायला शिकवले गेले, आणि त्यांनी ते काम चांगले केले. मला हा प्रकार यंत्राच्या इतिहासातील सर्वांत सुंदर प्रकरणांपैकी एक वाटतो. पण तो पसरायच्या आतच जमिनीखालचे पाणी खाली गेले.

ते नेले दुसऱ्या यंत्राने. पाणबुडी मोटार आली आणि ज्याच्यापाशी पैसा होता त्याने २००, ३००, पुढे त्याहूनही अधिक फुटांचे बोअर घेतले. मोसंबी उभी राहिली, ऊस उभा राहिला. ह्या शेतकऱ्याला तरी यंत्राने मोकळे केले का? वीज रात्रीची, म्हणून तो रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन साप-विंचवाच्या वाटेने मोटार चालू करायला जाई. त्यावर उपाय म्हणून वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारे यंत्र, 'ऑटो', निघाले. झोप मिळाली. परंतु वीज आली रे आली की सगळ्या शिवारातील मोटारी एकाच क्षणी सुरू होऊ लागल्या, त्या भाराने रोहित्र जळू लागले, आणि मग आठ-आठ दिवस कोणाचीच मोटार चालेना. शेवटी बांधावरचा शेजारी शेजाऱ्याला हात जोडून सांगू लागला की, बाबा, तुझा ऑटो काढ. ही गोष्ट विनोदी आहे, आणि आमच्या विनोदी लेखकांनी ती हातची घालवली ह्याचे मला नवल वाटते.

ह्या सगळ्यात हापसा मुकाट कोरडा पडला. मार्क टू साधारण ५० मीटरपर्यंतचे पाणी ओढतो; पाणी त्याखाली गेले की दांडा नुसता खडखडतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असा कायदा १९९३ साली महाराष्ट्राने केला होता. तो मी वाचला तेव्हा मला त्याच्या शहाणपणाचे कौतुक वाटले. शिवारात फिरलो तेव्हा कौतुक ओसरले. बोअर घेणारा लबाड होता असेही नाही. त्याच्या घरी लग्नाची मुलगी होती, कर्ज होते, आणि शेजाऱ्याने आधीच ३०० फूट नेले होते. २०१२-१३ च्या दुष्काळात त्याचीही मोसंबी वाळली. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाडी चालल्या. पंधरा-वीस वर्षे लेकरासारखे वाढवलेले झाड तोडताना शेतकरी बांधावर बसून राही आणि कुऱ्हाड दुसऱ्याच्या हाती देई. हापशाची बाई आणि बागेचा धनी दोघेही टँकरच्या वाटेला लागले.

टँकरच्या त्या दिवसांतच मी आणखी एक यंत्र पाहिले, ज्याविषयी पांढरपेशा घरांत फार कडू बोलले जाते. मोबाइल. मुले त्यात बुडाली, माणसे माणसांशी बोलेनाशी झाली, ही तक्रार दिवाळीच्या फराळाच्या ताटाभोवती यंदाही होईल, आणि ती खोटी नाही. परंतु आत्याच्या वस्तीवर टँकर कधी येईल ह्याचा पूर्वी नेम नसे. सबंध दिवस एक माणूस घरी बसवून ठेवावा लागे. म्हणजे एका बाईची मजुरी बुडे किंवा एका पोरीची शाळा. आत्याच्या नातसुनेने टँकरवाल्याचा नंबर घेतला. तो शेजारच्या गावातून निघाला की तिला फोन करी, आणि ती वस्तीभर हाक देई. तेवढ्या एका हाकेने दहा-पंधरा घरांचा दिवस परत मिळाला. जे यंत्र शहरात वेळ खाते म्हणून बदनाम आहे, तेच येथे वेळ परत करीत होते. फरक यंत्रात नव्हता. येथे ते हाती धरणारीला आपल्या वेळेची किंमत ठाऊक होती आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाची घाई नव्हती. तिने त्या फोनवर आत्याच्या ओव्याही उतरवून घेतल्या आहेत. मी ऐकल्या. चाल थोडी घसरते, मधे शेळी ओरडते. एका ओवीत भाऊ येतो. तो भाऊ म्हणजे माझे वडील. ती ओवी मी दुसऱ्यांदा लावू शकलो नाही.

टीकाकार म्हणून मला ह्यातून एवढेच मागावयाचे आहे की, आमच्या लेखकांनी यंत्राविषयी लिहिताना एक साधी चौकशी करावी. दांडा कोणाच्या हातात आहे, तो मोडला तर कोण जोडते, आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो? कथेतले पात्र नळाखाली घागर लावते असे लिहिताना नळाला पाणी किती वाजता येते हे लेखकाला ठाऊक असावे. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशी माणसांवर आपण विश्वास ठेवतो, कारण ते ऊन त्यांनी स्वतः सोसलेले असते. आज ग्रामीण म्हणून जे लिहिले जाते त्यात पाणवठा पुष्कळदा लावणीतला असतो. कमरेवर घागर, ओठांवर हसू. ज्या पोरी त्या घागरी वाहतात त्यांतील काही आता महाविद्यालयात माझ्याजवळच्या प्राध्यापकांकडे मराठी शिकतात आणि त्या कविता परीक्षेपुरत्या पाठ करतात.

आत्याच्या अंगणात गेल्या वर्षी नळ आला. तोटी बसली, शेजारी सिमेंटचा छोटा खांब उभारला, त्यावर नाव लिहिले. मी गेलो तेव्हा तोटीला एक फडके बांधलेले होते. "ते कशाला?" म्हणून विचारले तर नातसून म्हणाली, "मामा, पाणी रात्री कवाही येतं. फडकं वल्लं झालं की समजतं, रात्री येऊन गेलं." हापसाही अजून आहे, पावसाळ्यानंतर चार-सहा महिने तो पाणी देतो. ती सकाळी उठली की आधी फडके चाचपते, मग फोन पाहते, मग कळशी घेऊन हापशाकडे जाते.